मावशींनी पाचशे रुपये वाढवून मागितले, आणि मला राग आला

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

कोथरूडला ८४ फ्लॅटच्या सोसायटीत राहते. मी आयटीत, नवरा बँकेत, मुलगा सातवीत, सासूबाई आमच्याकडेच असतात. नऊ वर्षांपासून एकच मावशी आमच्याकडे केर-फरशी आणि भांडी करतात. रोज सव्वा तासाचं काम, पगार ३,५००. शेवटची वाढ तीन वर्षांपूर्वी दिली होती. मावशी सुतारदऱ्याहून, टेकडीवरच्या वस्तीतून, चालत येतात, अशीच आणखी चार घरं करतात.

गेल्या आठवड्यात त्या आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या तिघी एकत्र दारात आल्या. वहीच्या पानावर लिहून आणलं होतं: पाचशे रुपये वाढ, महिन्याला दोन सुट्ट्या, आजारपणाचा खाडा कापायचा नाही, दिवाळीला एक पगार. मी 'बघते' म्हटलं आणि दार लावलं. त्याच रात्री कमिटीचा ग्रुपवर मेसेज आला की केर-भांड्याला ३,५०० च्या वर कोणीही देऊ नये, सगळ्यांचे रेट बिघडतात. शिवाय कामवाल्या बायकांनी सर्व्हिस लिफ्टच वापरायची.

नवरा म्हणतो, चौदा टक्के वाढ कुठल्या कंपनीत मिळते? यांनी तर आता युनियनच काढली. सासूबाई म्हणतात, आपण तिला घरच्यासारखं ठेवलं, मुलीच्या दहावीच्या क्लासचे सहा हजार भरले, दरवर्षी साडी देतो, आणि ही अशी चौघींना घेऊन येते. माझ्या कंपनीत सध्या कपातीचं वारं आहे, घराचा हप्ता चालू आहे. पण खरं सांगायचं तर पैशांपेक्षा मला त्या चौघींना दारात बघून राग आला, आणि तो आला याची आता लाज वाटतेय. कमिटीच्या विरोधात जाऊ का? माझं नक्की काय चुकतंय?

– एक वाचक, कोथरूड

उत्तर

नमस्कार.

आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलू. पाचशे रुपये द्या, आणि या महिन्यापासून द्या. दोन सुट्ट्या द्या, आजारपणाचे पैसे कापू नका, दिवाळीला एक पगार द्या. कमिटीचा मेसेज तुमच्यावर बंधनकारक नाही. पाणी, लिफ्ट, पार्किंग, मेंटेनन्स ही कमिटीची कामं. तुमच्या घरात काम करणाऱ्या माणसाला तुम्ही किती पगार द्यायचा हे ठरवणं तिच्या अखत्यारीत येत नाही.

आता हिशेब मांडू, कारण तुमच्या घरात टक्केवारीवरून वाद झालाय. रोज सव्वा तास म्हणजे महिन्याचे साडेसदतीस तास. ३,५०० रुपयांत ताशी ९३ रुपये पडतात. पगार चार हजार झाला आणि दोन सुट्ट्या धरल्या तर पस्तीस तासांचे ताशी साधारण ११४. आणि ते चौदा टक्के एका वर्षाचे नाहीत, तीन वर्षांचे आहेत. वर्षाला साडेचार टक्के. साडेचार टक्क्यांचं पत्र तुमच्या यजमानांच्या हातात पडलं असतं तर त्या संध्याकाळी तुमच्या घरात काय बोलणं झालं असतं, याची कल्पना मी करू शकते.

मावशींची पाच घरं धरली तर सव्वासहा तासांचं काम होतं. पण दिवस सव्वासहा तासांत संपत नाही. सुतारदरा उतरून यायचं, एका घरून दुसऱ्या घरी जायचं, 'आत्ता पाहुणे आलेत, अर्ध्या तासाने या' म्हटलं की जिन्यात बसायचं, संध्याकाळी पुन्हा टेकडी चढायची. या वेळेचे पैसे कोणीच देत नाही. पाचही घरांनी तुमच्याइतका पगार दिला तरी हातात १७,५०० येतात. त्यात भविष्यनिर्वाह निधी नाही, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड नाही, ग्रॅच्युइटी नाही. आणि त्यातलं एक घर उन्हाळ्यात महिनाभर गावाला गेलं की त्या घरचा पगारही बऱ्याचदा गावाला जातो.

हे झालं पैशांचं. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की राग पैशांचा नव्हता, त्यामुळे मला खरं बोलायचंय ते त्या रागाबद्दल.

नऊ वर्षांत मावशींनी काही मागितलं नसेल असं नाही. मुलीच्या क्लासची फी मागितली, उचल मागितली असेल, गणपतीला गावी जायला चार दिवस मागितले असतील. तेव्हा राग आला नाही. कारण तेव्हा त्या एकट्या होत्या, ओट्याशी उभ्या राहून हळू आवाजात बोलत होत्या, आणि 'हो' म्हणायचं की 'नाही' हे तुमच्या हातात होतं. 'हो' म्हटलंत की तुम्ही उदार. या वेळी त्या चौघी आल्या, लिहून आणलं, आणि मदत मागितली नाही, पगार मागितला. तुमच्या घराच्या दारात पहिल्यांदा तुम्हाला कोणीतरी मालक म्हणून वागवलं. स्वतःला मालक समजायची आपल्यासारख्या नोकरदार बायकांना सवय नाही. आपण कंपनीत कोणाच्या तरी हाताखाली असतो, घरी सासूच्या नाहीतर मुलाच्या वेळापत्रकाखाली असतो. त्यामुळे मालक हा शब्द ऐकला की तो दुसऱ्या कोणाला तरी लागू होतो असंच वाटतं. लाज वाटून घेऊ नका, पण राग कुठून आला हे समजून घ्या.

सासूबाईंचं 'घरच्यासारखं' मला खोटं वाटत नाही. सहा हजार त्यांनी मनापासून दिले असणार. पण बघा, ते सहा हजार तुमच्या घरात आजही सगळ्यांच्या लक्षात आहेत, आणि नऊ दिवाळ्यांचा न दिलेला बोनस मात्र कोणाच्याही हिशेबात नाही. मर्जीने दिलेल्या पैशांची ही गंमत असते. देणाऱ्याकडे त्याची पक्की नोंद राहते आणि घेणाऱ्याकडे उपकार राहतो, मग पुढच्या वेळी पगार वाढवून मागताना जीभ अडखळते. पुन्हा 'घरच्यासारखं' म्हणावं तर घरच्या माणसाला ताप आला म्हणून आपण पैसे कापत नाही. साडी द्या, फराळाचा डबा द्या, मुलीच्या बारावीला पुन्हा मदत करावीशी वाटली तर जरूर करा. फक्त ते पगाराच्या खात्यात धरू नका.

यजमानांच्या 'युनियन काढली' या वाक्याकडे येते. चार बायका एकत्र आल्या तर ती युनियन. मग चौऱ्याऐंशी घरांनी ग्रुपवर ठरवलं की ३,५०० च्या वर कोणी जायचं नाही, त्याला काय म्हणायचं? तीही युनियनच आहे, मालकांची, आणि चौघींच्या युनियनपेक्षा एकवीसपट मोठी. 'मार्केट रेट' म्हणून जो आकडा तुम्हाला सांगितला जातो तो असाच ठरतो. बाजारात भेंडीचा भाव आवक बघून चढतो-उतरतो. मावशींच्या बाबतीत मात्र माणूस मिळत नाही अशी ओरड वर्षभर चालू असते आणि पगाराचा आकडा तीन वर्षं हलत नाही. तो हलत नाही कारण तो धरून ठेवलेला असतो.

तुमच्या यजमानांना हेही सांगा की या चौघींनी काही नवीन केलेलं नाही. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता. आजारपणात झालेल्या खाड्यांवरून एका बाईच्या कामावर गदा आली, ते निमित्त झालं आणि आसपासच्या बायकांनी कामं बंद केली. कुठल्या पक्षाने हाक दिली म्हणून त्या बाहेर पडल्या नव्हत्या. बायका आधी रस्त्यावर आल्या, लाल निशाण या डाव्या पक्षाचे कार्यकर्ते त्यांच्यापर्यंत नंतर पोहोचले, आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. मागण्या काय होत्या? पगारवाढ, सुट्ट्या, आजारपणात पगार न कापणं. म्हणजे तुमच्या दारात वहीच्या पानावर जे आलं ते जवळजवळ तसंच. दरम्यान पुण्यात आयटी पार्क आले, मेट्रो आली, कोथरूडच्या बंगल्यांच्या जागी बारा-बारा मजले उभे राहिले. खाड्याचे पैसे कापणं मात्र चालूच आहे. मला विचाराल तर राग यायचा असेल तर तो याचा यावा.

कायदा काय म्हणतो, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण माहीत असावं. महाराष्ट्रात २००८ सालचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्याखाली नोंदणी करता येते आणि काही तुटपुंजे लाभ मिळतात. २०२१ च्या निर्बंधांमध्ये राज्य सरकारने नोंदणी झालेल्या घरेलू कामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले होते, ते याच नोंदीच्या आधारावर. ज्यांची नोंद नव्हती त्या तशाच राहिल्या. नोंदणीच्या वेळी आपण घरकाम करतो असा दाखला लागतो, आणि घोडं तिथे अडतं. सही केली तर आपल्यावर काही येईल या भीतीने सुशिक्षित घरंही सही टाळतात. तुमच्यावर काहीही येत नाही. मावशींची नोंदणी झालीय का हे विचारा, नसेल तर सही करून द्या.

पण मंडळाचा कायदा दर ठरवून देत नाही. कर्नाटकाने २००४ साली घरकामाला किमान वेतन लागू केलं, पुढे केरळ, तमिळनाडू, राजस्थान यांनीही केलं. कामगार चळवळीचा एवढा अभिमान बाळगणारं आपलं राज्य इथे मागे राहिलं. आणि हे का होतं याचं जे कारण नेहमी दिलं जातं, की 'या बायकांचा एक मालक नसतो, पाच-सहा घरं असतात, कोणाला जबाबदार धरायचं', ते महाराष्ट्रात तरी चालायला नको. हमालाचाही एक मालक नसतो. मार्केट यार्डात तो सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उचलतो, दुपारी दुसऱ्याची. तरी १९६९ साली आपल्याकडे माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्यांनी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्के जादा रक्कम, माथाडी मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचे पैसे द्यायचे. अनेक मालक असलेल्या कामगाराला एका छत्राखाली आणायची रीत आपण तेव्हाच शोधून काढली होती. १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी त्याच धर्तीवर कायदा केला. म्हणजे तुमच्या सोसायटीच्या गेटवर उभ्या असणाऱ्या माणसाचा विचार कायद्याने पंचेचाळीस वर्षांपूर्वी केला (तो किती पाळला जातो ते सोडा), आणि गेटमधून आत येणाऱ्या बाईचा अजून पुरता केला नाही. पोती उचलणं आणि पहारा देणं ही कामं आहेत हे पटवून द्यावं लागलं नाही. भांडी घासणं हे काम आहे हे पटवावं लागतं, कारण घराघरांत तेच काम कोणीतरी फुकट करत असतं. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट करण्याबाबत समिती नेमायला सांगितलं. त्याची वाट बघत मावशींना ३,५०० वर ठेवायचं कारण नाही.

एक कायदा मात्र तुमच्या कमिटीनेही वाचलेला बरा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या स्त्रियांना स्पष्टपणे लागू आहे. त्यांच्यासाठी तुमचं घर हे कामाचं ठिकाण आहे, आणि तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. सोसायटीत बायकांच्या येण्या-जाण्याची वेळ लिहिणारी वही असते, पर्स तपासायची पद्धतही काही ठिकाणी असते. या समितीचा पत्ता नोटीस बोर्डावर लावलेली सोसायटी माझ्या पाहण्यात नाही.

लिफ्टबद्दल तुम्ही एक वाक्य लिहिलंत आणि पुढे गेलात. मला तिथे थांबायचंय. सर्व्हिस लिफ्ट सिमेंटची पोती, फ्रीज आणि कचऱ्याच्या डब्यांसाठी असते. मावशींच्या हातात यातलं काही नसतं. दहा मिनिटांपूर्वी ज्या हातांनी तुमच्या मुलाचा दुधाचा पेला विसळला त्या हातांनी रहिवाशांच्या लिफ्टचं बटण दाबायचं नाही, हा नियम स्वच्छतेचा नाही. तो कसला आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, फक्त आता तो उच्चारायचा नसतो. कोणाला पोळ्यांचं काम मिळतं आणि कोणाला संडास-बाथरूमचं, यात आजही जात असते. पोळ्यांच्या बाईंना आडनाव विचारलं जातं. २०१७ साली याच शहरात, सोवळ्याच्या स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईंनी जात लपवली म्हणून एका उच्चशिक्षित बाईंनी पोलिसांत तक्रार दिली होती, आणि मग गदारोळ झाल्यावर ती मागे घेतली. ते प्रकरण टोकाचं होतं म्हणून बातमी झाली. ओट्याच्या कोपऱ्यात उपडा घातलेला वेगळा कप कधी बातमीत येत नाही. तुमच्याकडे तसा कप आहे का, मला माहीत नाही. असेल तर तो काढायला कमिटीची परवानगी लागत नाही.

आता थोडं नाजूक. तुमच्या पत्रात कपातीचा, हप्त्याचा उल्लेख आहे, आणि वाचताना मला सारखं जाणवत होतं की मावशींचा पगार हा तुमच्या पगारातून जातो. बहुतेक घरांत तसंच असतं. बाई नोकरीला लागली की तिच्या पगारातून आधी कामवाल्या मावशी, मग पाळणाघर, मग पोळ्यांच्या बाई असं वजा करत जातात, आणि उरलेल्या आकड्याकडे बोट दाखवून 'एवढ्यासाठी नोकरी करायची का' असं विचारतात. जणू केर आणि भांडी ही तुमची वैयक्तिक जबाबदारी होती आणि तुम्ही ती पैसे देऊन दुसरीवर ढकलली. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७ मिनिटं. जे करतच नाहीत ते पुरुष या सरासरीत धरलेलेही नाहीत. तुमच्या घरात यजमान, मुलगा आणि सासूबाई जेवतात, त्यांचीही भांडी मावशी घासतात. पण पगारवाढीचा प्रश्न आला की दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात, आणि यजमान सोफ्यावरून टक्केवारी सांगतात. तुमचा आणि मावशींचा हितसंबंध एकच आहे असं गोड खोटं मी बोलणार नाही. तुम्ही पैसे देणार आहात, त्या घेणार आहेत, ओढाताण राहणारच. पण ही ओढाताण तुमच्या दोघींपुरती मर्यादित ठेवण्यात तिसऱ्या माणसाची सोय होते, एवढं ध्यानात असू द्या.

नोकरी गेली तर काय, ही तुमची भीती खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. वेळ आलीच तर मावशींना आधी महिनाभर सांगा, किंवा महिन्याचा पगार द्या आणि मग काम थांबवा. तुम्हाला कंपनीकडून एवढी तरी अपेक्षा आहेच ना? २०२० च्या मार्चनंतर सोसायट्यांनी गेट बंद केली तेव्हा कित्येक घरांनी एप्रिलचा पगार दिला, मेचा दिला नाही, आणि जूनमध्ये फोन उचलायचं बंद केलं. तसं करू नका. आज ठरलेलं सगळं एका कागदावर लिहा: पगार, कामं कोणती, सुट्टीचे वार, आजारपण, दिवाळी, नोटीस. एक प्रत तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. उद्या 'जरा खिडक्याही पुसून घ्या' म्हणायची वेळ आली तर त्याचे वेगळे पैसे, हेही त्यातच लिहा. दरवर्षी कुठल्या महिन्यात वाढ द्यायची ते आत्ताच ठरवून टाका, म्हणजे चौघींना पुन्हा दारात यावं लागणार नाही. आल्या तर आत बोलवून बसवा.

कमिटीशी भांडायला जाऊ नका, निदान लगेच नको. ग्रुपवर एवढंच लिहा: 'आमच्याकडे या महिन्यापासून चार हजार आणि दोन सुट्ट्या ठरल्या आहेत.' पुढे वाद घालत बसू नका. मला वाटतं, चौऱ्याऐंशी घरांत तुमच्यासारखं 'बघते' म्हणून दार लावलेली आणखी काही घरं असतील, आणि ती कोणीतरी आधी लिहायची वाट बघत असतील. नसली तरी तुमचा आकडा तुम्ही लिहिलेला असेल, आणि मावशींना बाकीच्या चार घरी सांगायला तो उपयोगी पडेल. लिफ्टचा विषय मात्र सर्वसाधारण सभेत लेखी मांडा, इतिवृत्तात यायला हवा.

आणि पुढच्या महिन्यापासून मावशींचा पगार यजमानांच्या फोनवरून यूपीआयने जाऊ द्या, पाच तारखेच्या आत. महिन्यातल्या दोन सुट्टीच्या दिवशी भांडी कोण घासणार हेही त्यांच्याशी आत्ताच बोलून घ्या. मुलगा सातवीत आहे म्हणता, म्हणजे ताटं-वाट्या त्याला जमतील. कढया यजमानांकडे द्या.